लायब्ररीतून जुन्या पायथनचा सपोर्ट कधी काढावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोघे-तिघे मिळून सांभाळत असलेली एक ओपन सोर्स पायथन लायब्ररी आहे. ती नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीवर उभी आहे आणि पायथन ३.८ पासून ३.१३ पर्यंत चालते असे रीडमीमध्ये लिहिलेले आहे. ३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्येच संपली, तरी डाउनलोडच्या आकड्यांत तो अजून दिसतो. तो काढावा की ठेवावा, काढला तर मेजर व्हर्जन (व्हर्जनमधला पहिला आकडा) वाढवावे लागेल का, आणि तक्रार करणाऱ्यांना काय उत्तर द्यायचे?

काढा. ३.८ बरोबर ३.९ सुद्धा काढा, कारण त्याचीही मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली आहे. मात्र गुपचूप काढू नका. तारीख आधी सांगा आणि जुन्या पायथनवर चालणारे शेवटचे रिलीज धडधाकट अवस्थेत मागे ठेवा. सपोर्ट काढल्यावर जिथे जिथे गहजब झालेला मी पाहिला, तिथे बहुतेक वेळा काढण्याची वेळ बरोबर होती, काढण्याची रीत चुकली होती. रीत नीट बसली की वेळेबद्दलची धाकधूक बरीच कमी होते. म्हणून खाली रीतीवर जरा जास्त लिहिले आहे.

आधी सपोर्ट म्हणजे काय ते पाहू. रीडमीमधली ती ओळ हे वचन आहे: या पायथनवर आम्ही टेस्ट चालवतो, इथे बग आला तर दुरुस्त करतो, नवे फीचर इथेही चालेल याची काळजी घेतो. यातली एक जरी गोष्ट होत नसेल तर सपोर्ट केव्हाच गेलेला आहे, जाहीर करायचे तेवढे राहिले आहे. तुमच्यापैकी कोणी गेल्या काही महिन्यांत ३.८ वर बसून एखादा बग उभा करून पाहिला आहे का, हे एकमेकांना विचारा. उत्तर नाही असेल, तर वापरणाऱ्याला आत्ताही पोकळ भरवसाच मिळतो आहे, आणि स्पष्ट नकारापेक्षा तो वाईट. नकार मिळाला तर माणूस दुसरी सोय बघतो.

आता खर्च. "दोन-चार जर-तर ठेवायला काय जाते?" असे पुष्कळ जण म्हणतात, म्हणून एक उदाहरण जवळून बघू. प्लगइन शोधण्यासाठी इम्पोर्टलिब.मेटाडेटा या मॉड्यूलमधले एंट्री पॉइंट्सचे फंक्शन वापरतात. हे मॉड्यूल ३.८ मध्ये स्टँडर्ड लायब्ररीत आले. ३.८ आणि ३.९ मध्ये ते फंक्शन साधी डिक्शनरी परत देते आणि आपला ग्रुप आपण त्यातून काढून घ्यायचा असतो. ३.१० पासून ग्रुपचे नाव थेट फंक्शनलाच देता येते. ३.१२ मध्ये डिक्शनरीसारखा वापर काढूनच टाकला. म्हणजे ३.८ पासून ३.१३ पर्यंत चालायचे असेल तर कोडला दोन वाटा ठेवाव्याच लागतात. कुठल्याही एका पायथनवर त्यातली एकच वाट चालवली जाते, त्यामुळे टेस्ट कव्हरेजचा अहवाल सगळीकडचे तुकडे जोडल्याशिवाय पूर्ण होत नाही. टाइप चेकर एका वाटेवर कायम कुरकुरतो, मग त्याला गप्प करणारी टिप्पणी घालावी लागते. नवा कॉन्ट्रिब्यूटर ते सगळे पाहून घाबरतो आणि त्या फाइलला हात लावत नाही. शिवाय फक्त ३.८ काढून हा फाटा जात नाही, ३.९ गेल्यावरच जातो. दोन्ही एकदमच काढा असे मी म्हणतो त्याचे हे एक कारण.

तुमच्या बाबतीत नमपायचा मुद्दा याहून मोठा आहे. ३.८ वर चालणारे शेवटचे नमपाय म्हणजे १.२४. जून २०२३ च्या १.२५ मध्ये त्यांनी ३.८ सोडला. ३.१२ वर चालणारे पहिले नमपाय म्हणजे १.२६. याचा अर्थ ३.८ आणि ३.१२ या दोन्हींवर चालणारे एकही नमपाय अस्तित्वात नाही. तुम्ही एकच लायब्ररी टेस्ट करतो असे समजता, पण पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारे साधन) प्रत्येक पायथनला त्याच्या त्याच्या मापाचे नमपाय आणून देतो आणि प्रत्यक्षात दोन वेगळ्या पायांवरची दोन घरे तपासली जातात. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आल्यापासून हे अंतर आणखी वाढले. टाइप ठरवण्याचे नियम त्यात बदलले: नमपायच्या एकट्या ३२ बिटी फ्लोटमध्ये (ॲरेमध्ये नव्हे) पायथनचा साधा फ्लोट मिळवला तर पूर्वी ६४ बिटी उत्तर येई, आता ३२ बिटीच येते. तुमच्या लायब्ररीत अशी एखादी बेरीज खोल कुठेतरी असेल, तर जुन्या पायथनवरचा माणूस आणि नव्या पायथनवरचा माणूस यांना दशांशानंतर वेगवेगळे आकडे मिळतील. दोघेही इश्यू उघडतील आणि दोघांचेही म्हणणे बरोबर असेल. हा बग शोधताना जाणारी संध्याकाळ हा ३.८ ठेवण्याचा खरा खर्च आहे.

सीआयचा, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेचा, हिशोब त्यामानाने सोपा. सहा पायथन, तीन ऑपरेटिंग सिस्टिम, आणि नमपायचे सर्वात जुने व सर्वात नवे अशी दोन टोके धरली तर एका पुल रिक्वेस्टमागे ३६ कामे होतात. दोन पायथन काढले की २४ उरतात. मशीनचा वेळ वाचतो हे आहेच, पण मला माणसांच्या सवयीची जास्त काळजी वाटते. जुन्या व्हर्जनवरच्या टेस्ट आपला काही दोष नसताना पडू लागतात: एखादी डिपेंडन्सी तिथे मिळेनाशी होते, किंवा सीआयच्या मशीनवर तो पायथनच नसतो. गिटहब ॲक्शन्सने दिलेल्या उबुंटू २२.०४ वर ३.६ मिळत नव्हता, तेव्हा कित्येक प्रोजेक्टना केवळ तेवढ्यासाठी जुन्या मशीनला धरून बसावे लागले. मग "तो लाल क्रॉस नेहमीचाच आहे" असे म्हणत मर्ज करायची सवय लागते, आणि एक दिवस खरा बग त्याच लाल क्रॉसखालून निघून जातो.

आता तारीख कशी ठरवायची. स्वतः ठरवू नका, वरच्यांनी, म्हणजे ज्यांच्यावर तुमची लायब्ररी उभी आहे त्यांनी, ठरवलेली घ्या. पायथनचे वेळापत्रक उघड आहे: ३.९ पासून दर ऑक्टोबरला नवे व्हर्जन येते आणि प्रत्येकाला पाच वर्षे मिळतात. त्यातल्या शेवटच्या काळात फक्त सिक्युरिटी दुरुस्त्या येतात, त्याही सोर्सच्या रूपात. तयार इन्स्टॉलर मिळत नाही. वैज्ञानिक पायथनच्या जगात वेगळा, जास्त घाईचा नियम आहे. २०१९ मध्ये नमपायने २९ व्या क्रमांकाचा प्रस्ताव मांडला: रिलीजच्या आधीच्या ४२ महिन्यांत आलेली पायथन आणि २४ महिन्यांत आलेली नमपाय व्हर्जन्स चालवा. पुढे त्याची जागा 'स्पेक शून्य' या शिफारशीने घेतली, तिच्यात पायथनला तीन वर्षे आणि मुख्य पॅकेजेसना दोन वर्षे मिळतात. नमपाय स्वतः याच गतीने चालते; ऑगस्ट २०२४ च्या २.१ मध्ये त्यांनी ३.९ सोडला, म्हणजे पायथनच्या मुदतीआधी वर्षभराहूनही अधिक. जॅंगो या वेब फ्रेमवर्कवाले तर इतरांसाठी सूचनाच देतात: डिसेंबर २०२३ मध्ये ५.० आले तेव्हा ४.२ च्या आधीच्या जॅंगोचा सपोर्ट काढा, असे त्यांनी ॲप लिहिणाऱ्यांना रिलीज नोट्समध्ये सुचवले.

तुम्हाला यांतले कोणते? दोघा-तिघांच्या लायब्ररीसाठी मी पायथनची पाच वर्षे घेईन आणि मुदत संपल्यावर येणाऱ्या पहिल्या फीचर रिलीजमध्ये ते व्हर्जन काढेन. तीन वर्षांचा नियम नमपायएवढ्या मोठ्या आणि गुंतागुंतीच्या प्रोजेक्टला शोभतो. छोट्या लायब्ररीने एवढी घाई केली तर वापरणाऱ्याला त्रास होतो आणि तुमच्या हाती फारसे काही लागत नाही. कुठलाही नियम घ्या, पण तो रीडमीमध्ये एका वाक्यात लिहा. लिहिलेला नियम असला की दर वेळी नव्याने वाद होत नाही, आणि वापरणाऱ्याला आपले अपग्रेड कधी करायचे ते वर्षभर आधी कळते. नियम मोडण्याची मुभा एकाच दिशेने ठेवा: एखादी मोठी डिपेंडन्सी आधीच निघून गेली, किंवा सिक्युरिटीची दुरुस्ती जुन्या व्हर्जनवर करताच येत नसेल, तर मुदतीआधी काढता येईल. मुदतीनंतर मात्र "अजून थोडे दिवस" नको. तसे केले की भिजत घोंगडे पडते.

वरच्यांची तारीख किती मदत करते याची दोन उदाहरणे. पायथन २.७ ची मुदत आधी २०१५ होती, २०१४ मध्ये ती २०२० पर्यंत वाढवली. त्या वाढीव काळात आयपायथन या इंटरॅक्टिव्ह पायथन शेलने एप्रिल २०१७ मध्ये ६.० काढून पायथन २ सोडला आणि ५.एक्स ही शाखा जुन्यांसाठी चालू ठेवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॅंगो २.० ने तेच केले. अनेक प्रोजेक्टनी मिळून २०२० पर्यंत सपोर्ट काढण्याचे जाहीर वचन दिले, त्यामुळे कुठल्याही एका मेंटेनरच्या माथी सगळा राग आला नाही. दुसरे जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे. एप्रिल २०१३ मधल्या २.० ने इंटरनेट एक्सप्लोररची ६, ७ आणि ८ ही व्हर्जन्स सोडली, पण १.एक्स ही शाखा त्यांच्यासाठी बरोबरीने चालू ठेवली. ३.० साठीही तशीच दुसरी शाखा ठेवायचा बेत होता. जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या इंटरनेट एक्सप्लोररचा सपोर्ट संपवला आणि जेक्वेरीने तो बेत रद्द केला.

डाउनलोडच्या आकड्यांविषयी. पायपीआयचे (पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडाराचे) आकडे सगळ्यांना खुले आहेत आणि त्यांत ३.८ चा वाटा दिसतो हे खरे. पण हे आकडे माणसे मोजत नाहीत. एका कंपनीची सीआय प्रत्येक कमिटला नवे कंटेनर उभे करून तुमची लायब्ररी पुन्हा उतरवते. दुसरीकडे मोठ्या टीमने स्वतःचा मिरर (भांडाराची प्रत) ठेवलेला असतो, ती आकड्यात जवळपास दिसतच नाही. त्यामुळे एकूण टक्केवारी पाहून निर्णय घेऊ नका. दुसरा प्रश्न विचारा: तुमचे सर्वात नवे रिलीज उतरवणाऱ्यांत ३.८ वाले किती आहेत? जुन्या पायथनवर राहिलेल्या लोकांनी बहुधा तुमचे जुने रिलीज पिन केलेले (नेमके तेच व्हर्जन ठरवून ठेवलेले) असते. त्यांना तुमच्या पुढच्या रिलीजचा उपयोगही नसतो आणि उपद्रवही नसतो. नव्या रिलीजच्या डाउनलोडमध्ये ३.८ चा वाटा मोठा दिसला तर थोडे जास्त आधी कळवा, जास्त ठिकाणी कळवा. तारीख मात्र त्यावरून हलवू नका.

जुन्या पायथनवर राहिलेल्या या लोकांचे एक म्हणणे मी गंभीरपणे घेतो. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ चा मूळ पायथन ३.६ आहे. त्याची पायथनकडची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली, पण रेड हॅटचा त्या सिस्टिमचा सपोर्ट २०२९ पर्यंत आहे. अशा जागी काम करणारा माणूस म्हणतो, "आमचा पायथन मेलेला नाही, त्याला पॅच मिळतात." त्याचे बरोबर आहे. पण ते पॅच देणाऱ्याला त्या कामाचे पैसे मिळतात, तुम्हाला नाही. शिवाय त्याच सिस्टिमवर ३.११ आणि ३.१२ ही व्हर्जन्स अधिकृतपणे मिळतात, त्यामुळे बहुतेक वेळा मार्ग असतो. नसेल, तर ज्याच्याशी सपोर्टचा करार आहे त्याच्याकडे मागणी नेणे योग्य. सुट्टीच्या दिवशी घरी बसून इश्यू वाचणाऱ्या मेंटेनरवर तो भार टाकणे योग्य नाही.

तुमची लायब्ररी डिपेंडन्सीच्या झाडात कुठे बसते यावर मात्र पुष्कळ काही अवलंबून आहे. जी लायब्ररी लोक थेट वापरतात, तिने पटकन पुढे जावे. जी हजारो इतर पॅकेजेसच्या बुडाशी आहे, तिने जुनी शाखा सिक्युरिटी दुरुस्त्यांसाठी काही काळ जिवंत ठेवलीच पाहिजे. लॉग४जे ही जावाची लॉगिंग लायब्ररी आठवा. त्यांनी २.३ नंतर जावा ६ सोडले, २.१२ नंतर जावा ७ सोडले, सगळे रीतसर. मग डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४शेल हा भयंकर दोष उघड झाला. दुरुस्ती २.१७.१ पर्यंत येऊन स्थिरावली, पण ती जावा ८ वाल्यांसाठी. जावा ७ साठी २.१२.४ आणि जावा ६ साठी २.३.२ ही वेगळी रिलीजेस काढावी लागली, तीही सगळे जग पाहत असताना, घाईघाईने. त्यांनी सपोर्ट काढला यात काही चुकले नव्हते. यातून घ्यायचे ते एवढेच: काढलेल्या व्हर्जनवरच्या शेवटच्या रिलीजचा टॅग, बिल्ड करण्याच्या पायऱ्या आणि सीआयची फाइल अशा अवस्थेत ठेवा की वेळ आली तर एका दिवसात तिथून पॅच काढता येईल.

आता मुख्य भाग, काढण्याची रीत.

पायथनमध्ये पॅकेजच्या मेटाडेटात 'रिक्वायर्स-पायथन' हे खाते असते. नोव्हेंबर २०१६ च्या पिप ९.० पासून पिप ते पाळतो. तिथे किमान ३.१० लिहिले की ३.८ वरच्या माणसाला नवे रिलीज दिसतच नाही. त्याला त्याच्या पायथनवर चालणारे शेवटचे रिलीज आपोआप मिळते. त्याचे काही मोडत नाही, त्याला काही करावे लागत नाही. सपोर्ट काढणे निर्धोक होते ते याच एका ओळीमुळे, आणि सगळे बिघडते तेही हीच ओळ विसरल्यामुळे.

समजा तुम्ही २.८.० मध्ये ३.१० चे मॅच स्टेटमेंट वापरले आणि ती ओळ ३.८ वरच राहिली. ३.८ वरच्या लोकांकडे २.८.० पोहोचते आणि इम्पोर्ट करताच सिंटॅक्स एरर येते. तुम्ही लगेच ओळ दुरुस्त करून २.८.१ काढता. पण आता त्या लोकांकडचा पिप काय करतो? २.८.१ आपल्यासाठी नाही हे ओळखतो, एक पायरी खाली येतो, आणि २.८.० अजूनही ३.८ चालेल म्हणते म्हणून तेच मोडके रिलीज पुन्हा बसवतो. चढवलेल्या रिलीजचा मेटाडेटा पायपीआयवर बदलता येत नाही. अशा वेळी २.८.० यँक करणे, म्हणजे पायपीआयवर ते मागे घेतल्याची खूण करणे, एवढाच उपाय. यँक केलेले रिलीज पिप वगळतो, मात्र ज्यांनी नेमके तेच पिन केले आहे त्यांना ते मिळत राहते. दुरुस्तीचे रिलीज काढले म्हणजे काम झाले असे समजून पुष्कळ जण इथेच थांबतात, आणि जुन्या पायथनवरचे लोक आठवडाभर इश्यू उघडत राहतात.

याच्या उलट बाजूचा सापळा म्हणजे त्या ओळीत वरची मर्यादा घालणे, "३.१४ पेक्षा कमी" अशी. ती घालू नका. नव्या पायथनवरच्या माणसाला पिप मग तुमचे एखादे फार जुने, मर्यादा न लिहिलेले रिलीज उकरून काढून देतो.

माझा नेहमीचा क्रम दोन रिलीजचा. पहिल्या रिलीजमध्ये फक्त मेटाडेटाची ओळ, सीआयची यादी आणि चेंजलॉग बदलायचा. कोडमधले जुने फाटे तसेच ठेवायचे. काही आठवडे जाऊ द्यायचे. कोणाची खरोखर मोठी अडचण निघाली तर एक ओळ मागे घेऊन सगळे पूर्ववत करता येते. शांतता असेल तर दुसऱ्या रिलीजमध्ये साफसफाई करायची. पायअपग्रेडसारखे साधन बरेचसे काम करून देते. साफसफाई आणि सपोर्ट काढणे एकाच पुल रिक्वेस्टमध्ये घातले की माघारीची वाट बंद होते.

मेटाडेटाचे संरक्षण पायथनच्या व्हर्जनपुरतेच आहे, हेही लक्षात असू द्या. एप्रिल २०२३ मध्ये वेबवरून माहिती आणणाऱ्या युआरएललिब३ या लायब्ररीचे २.० आले. त्याने पायथन २.७, ३.५ आणि ३.६ सोडले, तो भाग मेटाडेटाने व्यवस्थित सांभाळला. पण त्याला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीचे १.१.१ किंवा पुढचे लागत होते, आणि ती अट पिपला सांगण्याची सोयच नाही. ज्यांचा पायथन नवा पण ओपनएसएसएल १.०.२ होते, त्यांच्याकडे पॅकेज बसले आणि इम्पोर्ट करताना पडले. बहुतेकांनी युआरएललिब३ स्वतः मागितलेही नव्हते, ते रिक्वेस्ट्स या दुसऱ्या लायब्ररीच्या मागून आलेले. नशिबाने १.२६ ची शाखा चालू होती, तिच्यावर पिन करून लोक सावरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'क्रिप्टोग्राफी' या पॅकेजच्या ३.४ ला बिल्ड करण्यासाठी रस्ट लागू लागले तेव्हाही असेच झाले: ज्यांना तयार व्हील (आधीच बिल्ड केलेले पॅकेज) मिळत होते त्यांना काही कळलेही नाही, पण अल्पाइन या छोट्या लिनक्सवरची आणि जुन्या पिपवरची बिल्ड धडाधड पडली. पायथनचे एकही व्हर्जन न काढता सपोर्ट असाही काढला जातो. कंपायलर, सी लायब्ररी, ओपनएसएसएल, प्रोसेसर यांची किमान अट बदलताना पायथन काढताना घेता त्याच्या दुप्पट काळजी घ्या.

मेजर की मायनर? सिमँटिक व्हर्जनिंग या व्हर्जनचे आकडे देण्याच्या नियमावलीच्या स्वतःच्या प्रश्नोत्तरांत म्हटले आहे की सार्वजनिक एपीआय न बदलता डिपेंडन्सी बदलल्या तर तो बदल सुसंगत मानावा. त्या हिशोबाने मायनर पुरते, आणि नमपाय तसेच करते. माझी कसोटी वेगळी आहे: साधन वापरणाऱ्याला अडवते का? पिप अडवतो, म्हणून पायथनमध्ये मायनर चालेल. एनपीएम (नोडचे पॅकेज साधन) पॅकेजमधले 'इंजिन्स' हे खाते मुळात फक्त इशारा देते, पॅकेज बसवायचे थांबवत नाही, म्हणून नोडचे व्हर्जन काढताना मेजर वाढवावे. रस्टमध्ये कार्गो हे पॅकेज साधन बराच काळ किमान व्हर्जन पाहून डिपेंडन्सी निवडत नव्हता; जानेवारी २०२५ च्या १.८४ पासून ती सोय आली, तेव्हा तिथला वाद आता निवळावा. गो भाषेत १.२१ पासून go.mod फाइलमधली 'go' ही ओळ सक्तीची किमान अट झाली आहे, त्यामुळे लायब्ररी लिहिणाऱ्याने गरज नसताना तो आकडा वाढवू नये, तो सगळ्या वापरणाऱ्यांवर लादला जातो. पॅच रिलीजमध्ये मात्र कुठल्याच भाषेत काढू नका. पॅच लोक डोळे मिटून घेतात, आणि त्यांनी तसे घेत राहावे यातच सगळ्यांचे भले आहे.

इम्पोर्ट करताना इशारा दाखवावा का? ॲमेझॉनच्या क्लाउडसाठीची बोटो३ ही लायब्ररी दाखवते, आणि तिच्या इशाऱ्यात नेमकी तारीख असते, म्हणून तो उपयोगी पडतो. तुमच्या आकाराच्या लायब्ररीला मी नको म्हणेन. तो इशारा बहुधा अशा माणसाच्या लॉगमध्ये उमटतो ज्याला पायथन बदलायचा अधिकारच नसतो. चेंजलॉग, रीडमी आणि एक पिन केलेला इश्यू पुरे.

त्या इश्यूत काय लिहायचे? नमुना देतो: "२.८ पासून पायथन ३.१० किंवा पुढचे लागेल. ३.८ आणि ३.९ वर शेवटचे रिलीज २.७.४, ते पायपीआयवर कायम राहील आणि पिप तुम्हाला तेच देईल, तुम्हाला काही करण्याची गरज नाही. २.७ च्या शाखेवर पुढचे सहा महिने फक्त सिक्युरिटी दुरुस्त्या येतील. आम्ही पायथनच्या पाच वर्षांच्या वेळापत्रकाप्रमाणे चालतो." एवढे पुरते. माफी नको, लांबलचक समर्थनही नको.

तरीही कोणी चिडून लिहील. त्याला टाळू नका. आधी विचारा की २.७.४ वर नेमके काय अडते आहे. बहुतेकांचे काही अडलेले नसते, फक्त आपल्याला वाऱ्यावर सोडले असे वाटलेले असते, आणि जुने रिलीज मिळत राहणार हे कळले की प्रश्न मिटतो. एखाद्याला खरेच नवी दुरुस्ती जुन्या पायथनवर हवी असेल, तर २.७ च्या शाखेवर टेस्टसह पुल रिक्वेस्ट पाठवायला सांगा आणि आली तर मनापासून तपासा. ज्याला गरज आहे त्याने काम करावे आणि तुम्ही रिलीज करावे, ही वाटणी रास्त आहे. कोणी पाठवत नसेल, तर मागणी किती खरी होती ते त्यावरून समजते.

लायब्ररी कंपनीच्या आतली असती तर यातले बरेचसे लागले नसते. वापरणारे सगळे माहीत असतात, रेपॉझिटरीत शोधून यादी काढायची, प्रत्येक टीमशी बोलायचे आणि तारीख ठरवायची.

तुमच्यासाठी नेमका क्रम असा ठेवेन. या आठवड्यात नियमाचे वाक्य रीडमीत घाला आणि इश्यू पिन करा. उरलेल्या ज्ञात बगच्या दुरुस्त्या घालून २.७ चे एक शेवटचे, नीट तपासलेले रिलीज काढा, कारण काही लोक त्यावर वर्षानुवर्षे राहणार आहेत. तिथून शाखा तोडा आणि तिची सीआय चालते याची खात्री करा. महिन्या-दोन महिन्यांनी २.८ काढा, फक्त मेटाडेटा बदलून. चढवण्याआधी ते व्हील एका रिकाम्या ३.९ च्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवून पाहा. पिपने नकार दिला पाहिजे. २.९ मध्ये एंट्री पॉइंट्सचा तो फाटा आणि त्याचे भाऊबंद काढा, आणि नमपायची किमान अटही त्याच वेळी वर न्या. ३.१० ची मुदत ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते, त्याचाही इश्यू आत्ताच उघडून त्यावर तो महिना लिहून ठेवा.